मुलांचे लक्ष कोणी पळविले?

घरोघरी आज एकच तक्रार ऐकू येते. चौदा-पंधरा वर्षांचे मूल जेवायला बसते, पण त्याचे लक्ष ताटात नसते आणि आईच्या बोलण्याकडेही नसते. नजर हातातील मोबाईलच्या पडद्यावर खिळलेली असते. पाहुणे आले तरी मान वर होत नाही. आजीने दोनदा विचारलेल्या प्रश्नाला हुंकारापलीकडे उत्तर मिळत नाही. मुंबईची चाळ असो, इंदूर-जबलपूरची मराठी वस्ती असो, सुरतेची कामगार वसाहत असो की बेळगावकडचे एखादे खेडे असो, तक्रारीचे शब्ददेखील बदलत नाहीत. पक्षसभासदांची घरे याला अपवाद नाहीत. किंबहुना दिवसभर मोर्चे, बैठका व युनियनच्या कामात गुंतलेला कार्यकर्ता रात्री घरी परततो तेव्हा मुलाच्या जगात आपल्याला जागा उरलेली नाही, ही जाणीव त्याला इतरांपेक्षा अधिक बोचते.

तक्रार खरी आहे आणि तिची टर उडविण्याचे कारण नाही. तथापि या दुखण्याचे जे निदान सर्रास केले जाते ते तपासून घेतले पाहिजे. ‘ही पिढीच बिघडली’, ‘संस्कार उरले नाहीत’, ‘आई नोकरीला जाऊ लागली आणि घर विस्कटले’, असा निकाल शाळेतील पालकसभेत, प्रवचनात आणि वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत एकमुखाने दिला जातो. आरोपीच्या पिंजऱ्यात मूल उभे आणि त्याच्या शेजारी त्याची आई! ज्या कंपन्यांनी ही करमणूक घडविली आणि ज्यांना मुलाच्या प्रत्येक मिनिटामागे पैसा मिळतो, त्यांचे नाव मात्र आरोपपत्रात कोठेही नसते.

मुले वडीलधाऱ्यांकडे दुर्लक्ष करतात ही ओरडही नवी नव्हे. चित्रपट आले तेव्हा ती झाली, व्हिडिओ पार्लर निघाले तेव्हाही झाली. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले आणि रविवारी सकाळी गावोगावचे रस्ते ओस पडू लागले. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरात दाटीवाटीने बसून, एकमेकांशी चकार शब्द न बोलता पडद्याकडे टक लावणाऱ्यांत आज नातवंडांवर चिडणारे आजोबा होतेच. तेवढ्यावरून ‘जुनीच गोष्ट आहे, जाईल निघून’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत. दूरदर्शनचा संच प्रेक्षकाकडे पाहत नव्हता. कोण कधी हसला, कोणाचा डोळा कोठे थबकला, कोण कंटाळून उठून गेला, याची नोंद तो ठेवीत नव्हता. मोबाईलमधील समाजमाध्यमे ही नोंद अहोरात्र ठेवतात, आणि त्या नोंदीच्या आधारे त्याच मुलापुढे पुढच्या क्षणी काय टाकले म्हणजे ते उठणार नाही, हे ठरवितात.

हे का केले जाते, याचे उत्तर कंपन्यांच्या ताळेबंदात आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप यांची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२४ सालचे उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते आणि त्यातील ९७ टक्क्यांहून अधिक रक्कम जाहिरातींतून आलेली होती. मुलाकडून कंपनी एक पैसाही मागत नाही, कारण मूल हे तिचे गिऱ्हाईकच नव्हे. गिऱ्हाईक आहे जाहिरातदार. त्याला विकला जाणारा माल म्हणजे मुलाचे लक्ष आणि त्याच्या आवडीनिवडींची साठविलेली माहिती. माहितीची रेलचेल झाली की टंचाई लक्षाची होते, हा विचार अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच मांडला होता. ज्या वस्तूची टंचाई असते तिच्यावर कब्जा मिळविण्यासाठी भांडवल धाव घेते. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ साली तर आपली खरी स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे, असे उघडपणे सांगून टाकले. भांडवल कामगाराच्या जेवणाच्या, विश्रांतीच्या आणि झोपेच्या वेळेवर कसे अतिक्रमण करते याचे विवेचन मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’ ग्रंथातील कामाच्या दिवसावरील प्रकरणात केले होते. त्या वेळी अतिक्रमण गिरणीच्या फाटकाआड होत असे. आज ते अंथरुणात होते, आणि ज्याच्यावर ते होते तो अद्याप कामालाही लागलेला नसतो.

भारतात हे यंत्र मुलांच्या हाती आले तो इतिहास जेमतेम दहा वर्षांचा आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्सच्या जिओने सेवा सुरू केली आणि मार्च २०१७ पर्यंत इंटरनेट फुकट वाटले; फेब्रुवारी २०१७ मध्येच तिचे ग्राहक १० कोटींवर गेले. देशातील सर्वांत मोठ्या मक्तेदार घराण्याने फुकट वाटप करावे, यामागे दानत नव्हती. बाजारपेठ ताब्यात घेण्याची ती जुनीच रीत होती. सवय लागेपर्यंत फुकट आणि लागल्यावर दरवाढ. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. शाळा बंद झाल्या. कालपर्यंत वर्गात मोबाईल सापडला तर तो जप्त करणाऱ्या शाळेनेच आता मोबाईलशिवाय शिक्षण नाही असे फर्मावले. कष्टकऱ्यांच्या कितीतरी घरांत उसनवारी करून, असेल तो दागिना गहाण टाकून फोन आणला गेला. मजुरांचे तांडे महामार्गांवरून पायी गावाकडे निघाले होते, त्याच एप्रिल महिन्यात फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये मोजून जिओ प्लॅटफॉर्म्सचा ९.९९ टक्के हिस्सा घेतला. जुलैमध्ये गुगलने ३३,७३७ कोटी रुपये गुंतवून ७.७३ टक्के हिस्सा मिळविला. देशी मक्तेदारी आणि परदेशी मक्तेदारी यांची ही सोयरीक भारतीय मुलाच्या अभ्यासाकरिता झाली, असे कोणी म्हणत असेल तर म्हणो.

त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस आणखी एक गोष्ट घडली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. राष्ट्राच्या सुरक्षेचे कारण देण्यात आले. मुलांच्या सुरक्षेचा विचार त्यात असता तर टिकटॉकची जागा तशाच दुसऱ्या वस्तूने घेऊ नये, हेही पाहिले गेले असते. प्रत्यक्षात जुलै उजाडताच इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने ‘शॉर्ट्स’. बाजारपेठ एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली. मुलाची मान होती तेथेच, खाली, राहिली.

‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा २०२४ चा अहवाल या चित्रात काही रेषा भरतो. १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. अशा मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या एखाद्या कामासाठी तो वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. मात्र स्वतःच्या मालकीचा फोन मुलांमध्ये सुमारे ३६ टक्क्यांकडे आणि मुलींमध्ये २७ टक्क्यांकडेच होता. शहरी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यावरून साऱ्या देशाची कल्पना करणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा विसरू नये. ग्रामीण भारतातील बहुसंख्य मुले अजून बापाच्या किंवा भावाच्या फोनवर, तो मिळेल तेव्हा आणि तेवढ्यापुरती डोकावतात.

आता यंत्राच्या आत काय चालते ते पाहू जाता, त्यात गूढ असे काही नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळाला तर पोट भरलेले कबुतर थांबते; परंतु दाणा कधी मिळेल याचा नेम नसला तर ते थकेपर्यंत चोच मारीत राहते. जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते. बोटाने पडदा सरकवावा, तर पुढचे चित्र कंटाळवाणे असेल किंवा मजेदार, हे ठाऊक नसते. म्हणून आणखी एकदा सरकवावेसे वाटते. पूर्वी पान संपत असे आणि संपले की थांबण्याची आठवण होई. पान कधीच संपू नये अशी रचना अमेरिकन तंत्रज्ञ एझा रास्किन यांनी २००६ साली तयार केली. तिच्या परिणामांबद्दल पुढे त्यांनीच जाहीर खंत व्यक्त केली. २००९ साली फेसबुकने पसंती दर्शविणारे बटण आणले आणि कोणाला किती जण मानतात हे चारचौघांत मोजले जाऊ लागले. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये कबुलीच दिली की, लोकांचा जास्तीत जास्त वेळ व लक्ष कसे खेचता येईल हाच प्रश्न समोर ठेवून हे सारे उभारले गेले, आणि माणसाच्या मनातील एका दुबळेपणाचा आपण फायदा घेत आहोत हे उभारणाऱ्यांना ठाऊक होते.

हा दुबळेपणा प्रौढांतही असतो. किशोरवयात तो सर्वांत उघडा असतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी मूल आईबापांच्या नजरेतून निघून समवयस्कांच्या नजरेत स्वतःला शोधू लागते. हा वाढीचा नैसर्गिक टप्पा आहे. यात कृतघ्नपणा नाही. बक्षिसाची ओढ त्या वयात जोरात असते आणि स्वतःला आवरण्याची शक्ती अजून पक्की झालेली नसते. अशा वयाच्या मुलाला ‘तुझ्या मित्राने काही लिहिले आहे, पाहा’ अशी घंटी दर पाच मिनिटांनी वाजवून बोलाविले जाते. ओळीने इतके दिवस संदेश पाठविले, आज चुकलास तर मालिका तुटेल, असा धाक घातला जातो. आजीच्या प्रश्नाला उत्तर का मिळत नाही, याचा उलगडा येथे होतो. आजी उद्याही असणार आहे, ती रागावली तरी पुन्हा जवळ घेणार आहे. मित्रमंडळींतील स्थान मात्र तासातासाला टिकवावे लागते. मूल आपल्या परीने हिशेबच करीत असते. तो हिशेब मांडण्याची पाटी मात्र दुसऱ्याच्या मालकीची आहे.

कंपन्यांना या परिणामांची कल्पना नव्हती, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. २०२१ साली फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगेन यांनी बाहेर आणलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून असे दिसले की, ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल कमीपणा वाटत होता त्यांपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ती भावना आणखी वाढल्याचे कंपनीच्याच संशोधकांना सांगितले होते. कंपनीने या निष्कर्षांचा अर्थ वेगळा लावला, हेही नमूद केले पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ४१ राज्यांनी मुलांना जाणूनबुजून खिळवून ठेवल्याचा आरोप करून मेटाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. कंपनीने आरोप नाकारले.

याचा अर्थ मुलांच्या प्रत्येक दुःखाचे मूळ मोबाईलमध्ये आहे असा करणे हे भौतिकवाद्याला शोभणारे नाही. जोनाथन हाइट यांच्या २०२४ सालच्या पुस्तकाने मुलांच्या मानसिक आजारांचा बराचसा भार समाजमाध्यमांवर टाकला. पण त्याआधी २०१९ साली एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी लाखो किशोरांची माहिती तपासली होती आणि पडद्यापुढचा वेळ व मनःस्वास्थ्य यांचा संबंध फारच क्षीण आढळल्याचे सांगितले होते. शास्त्रज्ञांचे एकमत नाही. ‘व्यसन’ हा शब्दही जपून वापरलेला बरा. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत यासाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचार केंद्र आहे. तेथे नेण्याजोगी मुले आणि जेवताना मान वर न करणारी मुले यांना एकाच दोरीत बांधणे हा अन्याय होईल.

किंबहुना प्रश्न उलटा करून विचारला तर अधिक उजेड पडतो. मूल माणसांकडे दुर्लक्ष करते असे म्हणतात. पण पडद्यापलीकडे बव्हंशी माणसेच असतात. अमेरिकन संशोधिका दाना बॉइड यांनी कित्येक वर्षे निरनिराळ्या राज्यांतील किशोरांशी बोलून २०१४ साली जो ग्रंथ लिहिला त्याचे सार असे की, मुलांना ओढ यंत्राची नसते, एकमेकांची असते. भेटायला जागा नाही, वेळ नाही, एकटे बाहेर पडू दिले जात नाही. म्हणून ती जेथे भेटता येते तेथे भेटतात. मुलांनी अगोदर बाहेरचे जग सोडले आणि मग मोबाईल धरला असे नव्हे. बाहेरचे जग त्यांच्यापासून अगोदर काढून घेण्यात आले होते.

भारताच्या शहरांत ते कसे काढून घेण्यात आले, याचे उदाहरण शोधण्यासाठी लांब जावयास नको. मुंबईच्या गिरणगावात कामगाराच्या मुलाला दहा बाय दहाच्या खोलीत अंग पसरायला जागा नव्हती, पण खोलीबाहेर चाळीचे सज्जे होते, पटांगण होते, व्यायामशाळा होती, मंडळाचे वाचनालय होते. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांनी उभारलेले लाल बावटा कलापथक अशाच पटांगणांत रंगत असे, आणि पुढच्या रांगेत जमिनीवर बसलेली असत ती मुले. त्या जगाचे गोडवे गाताना भान सुटता कामा नये. त्याच सज्जांवरून मुलींवर पाळत असे आणि कोणाच्या पोराने कोणात मिसळावे हे जातीवरूनही ठरे. तरीही पंधरा वर्षांच्या पोराला पैसे न मोजता, काही विकत न घेता, चार सोबत्यांबरोबर तासन्‌तास बसता येईल अशी जागा होती. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो चिरडला गेला, गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी द्यावा असे होते. २००१ साली हा नियम बदलून, बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरताच तो हिस्सा काढायचा असे ठरविण्यात आले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल उचलून धरला. मैदाने व्हावयाची तेथे मनोरे उठले. फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे. तेथे बसायचे तर खिशात पैसा हवा, आणि कळकट कपड्यांतील चार मुले घोळक्याने उभी राहिली की पहारेकऱ्याचे लक्ष जातेच. त्या मुलांनी मग जावे कोठे? खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून मोबाईल उघडावा, हा एकच दरवाजा त्यांना मोकळा ठेवण्यात आला आहे.

जागेची ही गत, तर वेळेची त्याहून वाईट. शाळा, शाळेनंतर शिकवणी, शिकवणीनंतर प्रवेशपरीक्षेचा वर्ग. कोट्यापासून लातूरपर्यंत हा कारखाना चालतो. दिवसातून मुलाला मोकळा सापडतो तो झोपेआधीचा तास, आणि त्या वेळी मित्राच्या दारात जाता येत नाही.

आईबापांच्या वेळेचे काय? मूल आपल्याकडे पाहत नाही असे म्हणणाऱ्या बापाला मुलाकडे पाहण्यास किती वेळ मिळतो? कर्नाटकाने २०२३ साली कारखान्यांतील कामाचा दिवस बारा तासांपर्यंत नेण्याचा कायदा केला. तमिळनाडूत त्याच वर्षी एप्रिलमध्ये तसेच विधेयक संमत झाले. कामगार संघटनांनी एकजुटीने विरोध केला म्हणून १ मे रोजी ते मागे घेण्यात आले. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांत नऊऐवजी बारा व दुकानांत नऊऐवजी दहा तास काम घेण्यास मुभा देणारे बदल मंजूर केले. इन्फोसिसचे नारायण मूर्ती २०२३ साली तरुणांकडून आठवड्याला ७० तास मागतात. लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रमण्यन यांचे जानेवारी २०२५ मध्ये बाहेर आलेले भाषण ९० तासांपर्यंत जाते, आणि घरी बसून बायकोच्या तोंडाकडे किती वेळ बघत राहणार, असा सवाल ते करतात. एका घरात राहणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहणे हा ज्यांच्या दृष्टीने वाया गेलेला वेळ, त्या वर्गाच्या मुखपत्रांनी मुलांच्या मोबाईलवर अश्रू ढाळावेत यासारखे ढोंग नाही. आणि घरोघर अन्न व वाणसामान पोचविणाऱ्या तरुण बापाची कथा तर वेगळीच आहे. त्याच्याही हातात मोबाईलच असतो. मुलाला जागेवरून उठू न देणारा मोबाईल आणि बापाला सिग्नलवर थांबू न देणारा मोबाईल यांत एकाच जातीचे गणित चालते. बाप रात्री अकराला येतो तेव्हा दोघेही आपापल्या पडद्यासमोर असतात, आणि शेजारीण म्हणते, या घरात कोणी कोणाशी बोलत नाही.

अशा स्थितीत ‘बंदी घाला’ ही मागणी जोर धरते, यात नवल नाही. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली कायदा करून १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती बंद केली. त्या कायद्याची एक बाजू लक्षात घेण्यासारखी आहे: दंड कंपनीला आहे, मुलाला किंवा पालकाला नाही. भारतात गावपातळीवर झालेल्या बंद्यांची तऱ्हा याच्या नेमकी उलट आहे. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातील सूरज या गावाने फेब्रुवारी २०१६ मध्ये अविवाहित मुलींना मोबाईल वापरण्यास मनाई केली आणि मोडणाऱ्यास दंड ठरविला. मुलांना मात्र मुभा! अभ्यासातून लक्ष उडते, असे कारण सांगितले गेले. खरी भीती होती ती मुलगी आपल्या मनाने कोणाशी तरी बोलेल याची. ज्या घरात मुलीला स्वतःचे दार नाही, पत्र लिहिण्याची मोकळीक नाही, मैत्रिणीकडे जाण्यास भावाची सोबत लागते, तेथे तो पडदा ही तिची एकमेव खोली असते. ती जेवताना पडद्याकडे पाहते म्हणून चिडणाऱ्यांनी, पडदा बाजूला ठेवल्यावर तिच्याशी काय बोलले जाणार आहे, हेही स्वतःला विचारावे. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील सर्वांनाच, मुलगा-मुलगी भेद न करता, मनाई केली. तथापि तेथेही नियम मुलांपुरताच होता. वडीलधाऱ्यांचे मोबाईल चालूच राहणार होते.

याउलट सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या ऊसकरी गावाचा प्रयोग अधिक शहाणपणाचा म्हटला पाहिजे. तेथे ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सातला भोंगा वाजविण्याचे ठरले. भोंगा झाला की घरातील सर्वांनी, केवळ पोरांनी नव्हे, मोबाईल व दूरचित्रवाणी बंद करायची आणि साडेआठपर्यंत वाचन, अभ्यास किंवा गप्पा करायच्या. पुरुषमंडळींनी प्रथम ही कल्पना हसण्यावारी नेली. महिलांच्या सभेत मात्र ती उचलली गेली. मालिकांपायी आपलाही वेळ जातो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. दंडाच्या धाकावर हे सुरू झाले नाही. एकट्या मुलाने फोन ठेवला तर तो मित्रमंडळींतून बाहेर पडतो. साऱ्यांनी एकाच वेळी ठेवला तर कोणीच बाहेर पडत नाही. एका घराने झगडून जे साधत नाही ते गावाने मिळून ठरविल्यावर दीड तासापुरते का होईना साधले, एवढी गोष्ट या उदाहरणातून घेण्यासारखी आहे. आशा व अंगणवाडीच्या कामगारभगिनींवर आधीच कामांचा डोंगर आहे आणि मानधन तुटपुंजे आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे. गावाचे भले करण्याचे प्रत्येक नवे काम त्यांच्याच अंगावर विनामोबदला पडते.

दीड तासाचा भोंगा चांगला. पण उरलेल्या साडेबावीस तासांत कंपनी मोकळीच राहते. तिला वेसण घालण्याचे काम ग्रामसभेचे नाही, राज्यसंस्थेचे आहे. इच्छा असली की ते करता येते, हे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर संसदेने जी बंदी आणली तिच्यावरून दिसले. मुलांच्या बाबतीत डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्याच्या नवव्या कलमानुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. ही तरतूद निःसंशय महत्त्वाची आहे. तिचा कसोशीने अंमल झाला तर नफ्याचा हा झराच आटेल. परंतु त्याच कलमात एक पळवाटही आहे: एखाद्या कंपनीची पद्धत सुरक्षित असल्याचे केंद्र सरकारला पटले तर त्या कंपनीपुरती वयाची अट सरकारला खाली आणता येते. कोणत्या कंपन्यांना सरकारला ‘पटविणे’ सोपे जाते, हे निराळे सांगावयास नको. नियम निघण्यास दोन वर्षांहून अधिक काळ गेला. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य तरतुदी लागू होण्यास आणखी अठरा महिन्यांची सवलत देण्यात आली. कायदा जाहिरातींपाशी थांबतो, हेही खरे. न संपणारे पान, रात्री अपरात्री वाजणारी घंटी, आपोआप पुढे धावणारी चित्रे, या रचनेलाच हात घालणारी तरतूद त्यात नाही.

पक्ष व जनसंघटनांपुढील काम यातून स्पष्ट होते. विद्यार्थी, युवक व महिला संघटनांनी हा प्रश्न ‘घरगुती’ म्हणून बाजूला ठेवला आहे. त्याच्यावर सह्या गोळा करता येतात, खासदारांना जाब विचारता येतो, शाळांच्या पालक-शिक्षक संघांत तो नेता येतो. नगरपालिकांच्या विकास आराखड्यांत मैदाने व वाचनालये यांची आरक्षणे उठविली जातात तेव्हा हरकती नोंदविणे हे या लढ्याचेच काम आहे. बारा तासांच्या दिवसाविरुद्धच्या युनियनच्या सभेत, बापाला मुलाच्या जागेपणी घरी पोचण्याचा हक्क आहे, हा मुद्दा मांडला गेला तर फाटकावरचा कामगार तो चटकन समजेल. केरळात पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ साली ४७ ग्रंथालयांना एकत्र आणून जी चळवळ सुरू केली ती पुढे खेडोपाडी पसरली आणि संध्याकाळी तरुणांना बसण्याची जागा झाली. महाराष्ट्रातही कामगार वस्त्यांत पक्षाची वा युनियनची कार्यालये आहेत; त्यांतील बहुतेकांना सायंकाळी कुलूप असते. ती उघडून एक कॅरमबोर्ड, चार वृत्तपत्रे आणि मुलींनाही निर्धास्तपणे येता येईल अशी व्यवस्था करावयास वरिष्ठ समितीच्या ठरावाची गरज नाही.

घरच्या आघाडीवरही काही बोलले पाहिजे. शाखेच्या बैठकीत अहवाल वाचला जात असताना निम्मे सभासद टेबलाखाली व्हॉट्सॲप चाळीत असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. आलेला संदेश दहा गटांत पुढे ढकलला की राजकीय काम झाले, असा समजही पसरत चालला आहे. ही माणसे घरी जाऊन मुलाच्या हातातील फोन हिसकावतात तेव्हा मूल ऐकत नाही, यात मुलाचे चुकते असे म्हणणे अवघड आहे. त्यापेक्षा शेजारी बसून, हे पान का संपत नाही, हे चित्र तुझ्याच पुढे का आले, आणि यातून पैसा कोणाला मिळतो, एवढे तीन प्रश्न त्याच्याशी बोलावेत. किशोरवयीन मुलाला आपण फसविले जात आहोत हे कळले तर त्याला जितका राग येतो तितका उपदेशाने कधीच येत नाही. मोबाईलमधले बरेचसे त्यालाच अधिक कळते. तेव्हा शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण, हा क्रम काही वेळ उलटा झाला तरी बिघडणार नाही.

कायद्यातील अठरा महिन्यांची सवलत मे २०२७ मध्ये संपते. वयाची अट खाली आणण्यासाठी आणि पळवाट रुंद करून घेण्यासाठी कंपन्यांचे वकील दिल्लीत खेटे घालतील यात शंका नाही. पालकांच्या, शिक्षकांच्या व स्वतः मुलांच्या वतीने तेथे कोण जाणार, हे जनसंघटनांनी आपापल्या येत्या जिल्हा परिषदांतच ठरवून टाकावे.